नॅशव्हिलची तिखट कोंबडी

भाचीचा फोन आला की एकच पालुपद असे : "मावशी, तू ये तर खरी. इथं सावजीला टक्कर देणारी कोंबडी मिळते." नागपूरच्या माणसाला सावजीवरून कोणी आव्हान दिले तर तो गप्प बसत नाही. शेवटी २०२५ च्या एप्रिल महिन्यात मी गेलेच.

भाची शिकते ते शहर नॅशव्हिल. अमेरिकेच्या दक्षिण भागातील टेनेसी राज्याची ही राजधानी. कंबरलँड नदीच्या काठावर वसलेली आणि साऱ्या देशात संगीताचे शहर म्हणून ओळखली जाणारी. भाचीने व तिच्या मित्रमंडळींनी एक अख्खा शनिवार माझ्या नावे लिहून टाकला होता. मंडळी तीन. मेम्फिसची एक कृष्णवर्णीय मुलगी, शेजारच्या केंटकी राज्यातील शेतकऱ्याचा गोरा मुलगा आणि नॅशव्हिलमध्येच जन्मलेला एक कुर्द मुलगा. अमेरिकेत सर्वात जास्त कुर्द लोक याच शहरात राहतात, हे मला त्याच्याकडूनच कळले.

सकाळी आम्ही फिस्क विद्यापीठ पाहिले. गुलामगिरी १८६५ मध्ये संपली आणि १८६६ मध्ये, मुक्त झालेल्यांसाठी ही शाळा निघाली. पाच वर्षांत पैसा संपला. तेव्हा १८७१ मध्ये नऊ विद्यार्थी-विद्यार्थिनी गाणी म्हणत गावोगाव निघाले. त्यातले बहुतेक गुलामीतच जन्मलेले. आईबापांनी कापसाच्या शेतात म्हटलेली भजने त्यांनी सभागृहांतून गायिली, पुढे समुद्र ओलांडून इंग्लंडातही गायिली, आणि जमलेल्या पैशांतून ज्युबिली हॉल ही उंच इमारत १८७६ मध्ये उभी केली. त्या इमारतीखाली उभी राहून मी वर पाहत होते, तर केंटकीचा मुलगा म्हणाला, "मावशी, भूक लागली." हो, तिन्ही पोरे मला 'मावशी'च म्हणत होती. भाचीची शिकवण!

जवळच स्वेट्स नावाची खानावळ आहे. एका कृष्णवर्णीय कुटुंबाने १९५४ मध्ये काढलेली. आपण ताट घेऊन रांगेत पुढे सरकायचे. एक मांसाचा प्रकार आणि तीन भाज्या, अशी इथली रीत. आता भाज्यांत काय असावे? भेंडी, चवळी, मोठ्या पानांची कोलार्ड नावाची पालेभाजी आणि चीज घातलेली मॅकरोनी! मॅकरोनी ही भाजी कशी, असे मी विचारले तर चौघेही हसू लागले. त्यांच्यापैकी कोणाकडेच उत्तर नव्हते. सोबत मक्याचा जाड, भुसभुशीत पाव. चवळी तर माझ्या आईच्या हातची वाटावी इतकी मऊ शिजली होती. फोडणी मात्र नाही, त्यामुळे मी मनातल्या मनात मोहरी-हिंग घालून खाल्ली. मेम्फिसची मुलगी म्हणाली, "भेंडी आणि चवळी आमच्याबरोबर आफ्रिकेतून आली." ती असे बोलली, जणू कालच जहाजातून उतरली असावी. चहा मागितला तर बर्फ घातलेला, पाकासारखा गोड पेला समोर आला. तो मी अर्धाच प्याले.

जेवण झाल्यावर मुले मला गावातल्या सार्वजनिक ग्रंथालयात घेऊन गेली. मौजेच्या दिवशी ग्रंथालय कशाला, असे मला वाटले. पण तिथे एक दालन आहे. मधोमध टेबल, भोवती स्टुले. टेबलावर नियम लिहिलेले : कोणी मारले तरी उलट मारू नका, नेहमी काउंटरकडे तोंड करून ताठ बसा, असे दहा.

हे नियम १९६० चे. त्या काळी या शहरात काळ्या माणसाने दुकानात कापड घ्यावे, वह्या घ्याव्यात, पैसे द्यावेत. पण त्याच दुकानातल्या खाण्याच्या काउंटरवर बसून सँडविच मागू नये. १३ फेब्रुवारी १९६० रोजी शंभरावर विद्यार्थी चांगले कपडे करून, पुस्तके बरोबर घेऊन पाचव्या रस्त्यावरच्या तीन दुकानांत गेले आणि काउंटरवर बसले. कोणी वाढले नाही. ते अभ्यास करीत बसून राहिले. २७ फेब्रुवारीला गोऱ्या टोळक्यांनी त्यांना स्टुलावरून खाली ओढले, अंगावर सिगारेटी विझवल्या. पोलिसांनी पकडले मात्र विद्यार्थ्यांनाच, एकूण ८१. एक तुकडी पकडून नेली की दुसरी येऊन त्याच स्टुलांवर बसे. पुढे दंड भरण्याऐवजी त्यांनी तुरुंग पत्करला. १९ एप्रिलला पहाटे त्यांच्या वकिलाच्या घरावर बॉम्ब पडला. त्याच दिवशी हजारोंचा मूक मोर्चा निघाला. फिस्कची विद्यार्थिनी डायान नॅश हिने महापौरांना पायऱ्यांवर सर्वांदेखत विचारले, केवळ रंगावरून माणसाला नाकारणे योग्य आहे काय? महापौरांनी 'नाही' म्हटले. १० मे १९६० रोजी सहा दुकानांचे काउंटर उघडले.

या मुलांना चर्चच्या तळघरात महिनोन्महिने तयार केले ते जेम्स लॉसन यांनी. अर्धी मुले शिव्या देत, अर्धी निमूट सोसत, अशी तालीम चाले. भिंतीवर त्यांचे नाव वाचून मी थबकले. कारण हे लॉसन १९५३ पासून तीन वर्षे आपल्या नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात होते. पोरांना खेळ शिकवीत आणि सत्याग्रहाचा अभ्यास करीत. १९५६ मध्ये ते मायदेशी परतले. ते वर्ष नागपूरचे कोणते, हे आपल्या वाचकांना सांगावे लागत नाही. हिस्लॉपवरून मी आयुष्यात शेकडो वेळा गेले असेन, पण हे मला सांगितले ते नॅशव्हिलने. या चळवळीपायी तिथल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने १९६० मध्ये लॉसन यांना काढून टाकले आणि २००६ मध्ये सन्मानाने शिकवायला बोलावले. ते २०२४ मध्ये वारले.

मी मुलांना महाडचे चवदार तळे आणि १९२७ साल सांगितले. मेम्फिसच्या मुलीने विचारले, "पाणीसुद्धा नाही?" मी म्हटले, "गुरेढोरे पीत. आम्हाला मनाई."

भाची स्टुलावर बसली होती, नियमांवरून बोट फिरवीत. एकदम मराठीत म्हणाली, "मावशी, मी पहिलं घर का सोडलं, ते आईला नाही सांगितलं मी." आल्या आल्या ती आपल्याच देशाच्या तीन मुलींबरोबर राहिली होती. पहिल्या आठवड्यात आडनाव विचारले गेले. मग गाव. मग कोणत्या दिवशी काय साजरे करता ते. महिनाभरात तिची भांडी वेगळ्या फळीवर गेली. भांडण नाही, आवाज नाही. फक्त फळी वेगळी. "मांस शिजवतेस म्हणून," असे कारण सांगितले. "पण मावशी, त्यातली एक स्वतः चिकन खायची." परीक्षा तोंडावर असताना पोरीने सामान उचलले आणि या मेम्फिसवालीच्या घरी गेली. सात समुद्र ओलांडून आलेल्या विमानात ती फळीही आली होती म्हणायची! मला काही सुचेना. मी शेजारच्या स्टुलावर बसले. बाकीच्या तिघांना शब्द कळले नव्हते, पण तेही येऊन बसले.

बाहेर पडलो. त्या पाचव्या रस्त्याला २०२१ पासून जॉन लुईस यांचे नाव आहे. तेही त्या विद्यार्थ्यांपैकीच, पुढे खासदार झाले. हाच रस्ता ब्रॉडवेला मिळतो. तिथे दाराआड दारे, प्रत्येक दारातून निराळे गाणे, आणि ऐकायला बहुधा तिकीट नाही. अख्खे गाव लग्नाच्या वरातीत निघाल्यासारखे दिसते. उंच टोप्या, कातडी बूट, सायकलसारखे पायडल मारीत जाणाऱ्या दारूच्या गाड्या. मला अर्ध्या तासात डोके धरले. मुलांना मात्र तिथून हलवेना. जवळचे रायमन सभागृह १८९२ चे, आत चर्चसारखे बाक. तिथून जगभर गेलेल्या कंट्री संगीतातला बँजो मुळात आफ्रिकी माणसांचा, हेही मेम्फिसच्या मुलीनेच ठासून सांगितले.

संध्याकाळी बसने नोलेन्सविल रस्त्यावर, 'प्रिन्स' यांच्या दुकानात. कुर्द मुलाने वाटेत त्याच्या ओळखीच्या भट्टीवरून गरम नान घेतले होते. या कोंबडीची गोष्ट गमतीची आहे. १९३० च्या सुमारास थॉर्नटन प्रिन्स नावाचा रंगेल गडी रात्रभर बाहेर राहिला. घरच्या बाईने सूड म्हणून त्याच्या तळलेल्या कोंबडीत मूठभर तिखट ओतले. त्याला ते इतके आवडले की त्याने दुकानच काढले! असे म्हणतात की वेगळेपणाच्या काळात इथे उलटे होते : पुढे काळी गिऱ्हाइके, आणि गोरे मागच्या खोलीत.

मी ऐटीत 'हॉट' मागवले. लालभडक कोंबडी, खाली पावाच्या स्लाइस, वर काकडीचे लोणचे. सावजीत मसाला आधी बोलतो, तिखट मागून. इथे तिखट दारातच उभे! दुसऱ्या घासाला माझे कान बंद झाले. केंटकीचा पोरगा पाण्यासाठी धावला. पाचही जण एकाच थाळीतून तोडून खात होतो, कुर्दी नान सर्वांत वाटलेले.

तेवढ्यात नागपूरहून बहिणीचा फोन. तिकडे रविवारची सकाळ. पडद्यावर लेकीचे तोंड पाहिले आणि ती घाबरली.

"काऊन वं, रडून राहिली?"

भाचीने बाहीने डोळे पुसले, माझ्याकडे पाहिले. "तिखट लागून राहिलं वं आई. थांब, सगळ्यांना दाखवते. आणि मग तुला एक सांगायचं आहे."