अक्षता टाकायला सातासमुद्रापार

आमच्या कागलात लग्नाला जाणे म्हणजे फार तर पलीकडे निपाणीला किंवा अलीकडे कोल्हापूरला जाणे. अक्षता टाकायच्या, जेवायचे आणि संध्याकाळच्या गोळीच्या वेळेपर्यंत घरी परतायचे, एवढाच तो व्याप असे. आता घरोघरची मुले जर्मनीत, नेदरलँड्समध्ये नोकरीला आहेत. त्यांचे मित्र दहा देशांतले. २०१७ साली विराट कोहली आणि अनुष्का शर्मा यांनी इटलीतल्या टस्कनी प्रांतात लग्न केले, पुढच्याच वर्षी दीपिका आणि रणवीर यांनी कोमो सरोवराकाठी, आणि तेव्हापासून इटलीचे नाव मध्यमवर्गीय घरांतही सहज उच्चारले जाऊ लागले. मुलांच्या दृष्टीने हा हौसेचा भाग असतो. त्यांच्या आजी-आजोबांच्या दृष्टीने मात्र तो आयुष्यातला सर्वांत लांबचा प्रवास असतो, आणि त्याची तयारी विमानाच्या तिकिटापासून नव्हे, दवाखान्यापासून सुरू व्हायला हवी.

माझ्याकडे वर्षानुवर्षे येणाऱ्या ७४ वर्षांच्या एका आजींच्या नातवाचे लग्न फ्लॉरेन्सजवळच्या टेकडीवर ठरले. मुलगा म्हणाला, "डॉक्टर, आईला फक्त फिट असल्याचा दाखला द्या." असा दाखला मागणाऱ्यांना मी एकच सांगतो, की दाखला विमान कंपनीसाठी असतो, तपासणी स्वतःसाठी. विमानाच्या आत हवेचा दाब सुमारे २,४०० मीटर उंचीवर असतो तितकाच राखलेला असतो. महाबळेश्वर त्याच्या जवळपास निम्म्या उंचीवर आहे. म्हणजे कित्येक तास थोड्या विरळ हवेत बसायचे आहे. ज्या व्यक्तीला घरापासून गैबी चौकाच्या दिशेने पन्नास-साठ पावले न थांबता चालता येतात किंवा एक जिना दम न लागता चढता येतो, तिला हे सहसा जमते. ज्यांना तेवढ्यानेही धाप लागते, त्यांनी आधी हृदय आणि फुप्फुसे तपासून घ्यावीत. हृदयविकाराचा झटका येऊन दोन-तीन आठवडेच झाले असतील, तर विमानाचा विचारही करू नये, आणि त्यानंतरचा निर्णय हृदयरोगतज्ज्ञांवर सोडावा.

आजींना मी होकार दिला. त्यांच्या जाऊबाईंना दिला नाही. जाऊबाईंच्या डोळ्याच्या पडद्याची शस्त्रक्रिया झाली होती आणि डोळ्यात वायूचा बुडबुडा भरलेला होता. हा बुडबुडा उंचीवर प्रसरण पावतो, डोळ्यातला दाब वाढतो आणि दृष्टी कायमची जाऊ शकते. तो पूर्ण विरेपर्यंत विमान वर्ज्यच. घरात रडारड झाली. नातवाने लग्न मोबाइलवर दाखवायची व्यवस्था केली, तरी त्या माझ्याशी महिनाभर बोलल्या नाहीत. त्यांचा राग मला समजत होता. पण "काही होत नाही हो" असे म्हणणाऱ्या नातेवाइकांपेक्षा अशा वेळी डॉक्टरने वाईट ठरलेले परवडते.

आता कागदपत्रे. इटलीसाठी शेंगेन व्हिसा लागतो. बोटांचे ठसे देण्यासाठी वृद्धांनाही व्हिसा केंद्रावर स्वतः जावे लागते. वयाची सवलत फक्त १२ वर्षांखालच्या मुलांना आहे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपर्यंत करता येतो, तेव्हा ही खेप उन्हाळ्याच्या तोंडावर न ठेवता लवकर उरकावी. पारपत्राची मुदत परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने असावी. या व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. त्यात तातडीचे उपचार, रुग्णाला मायदेशी आणणे आणि दुर्दैवाने मृत्यू झाल्यास पार्थिव आणणे, हे सारे धरलेले असावे लागते.

हा शेवटचा शब्द वाचून अनेक घरांत "अशुभ बोलू नका" असे म्हणतात. त्यांना मी आपल्याच इतिहासातली एक गोष्ट सांगतो. फ्लॉरेन्सच्या पश्चिम टोकाला कास्चिने नावाचे मोठे उद्यान आहे. जिथे मुन्योने हा ओढा आर्नो नदीला मिळतो, तिथे एका छत्रीखाली फेटा बांधलेल्या तरुणाचा अर्धपुतळा आहे. ते कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज. १८७० साली ते युरोपच्या दौऱ्यावर गेले, परतताना आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये त्यांचे निधन झाले. वय अवघे २० वर्षे. त्या काळी तिथे दहनाची रीत नव्हती. खास परवानगी काढून रात्री त्या संगमावर त्यांना अग्नी देण्यात आला. १८७४ साली स्मारक उभे राहिले. पुतळा फुलर या शिल्पकाराचा. वरच्या छत्रीचा आराखडा मेजर मँट यांचा, ज्यांनी पुढे कोल्हापूरचा नवा राजवाडाही आखला. तिथले लोक या स्मारकाला 'इंदियानो', म्हणजे 'भारतीय' म्हणतात. जवळच्या पुलालाही तेच नाव आहे. राजाराम महाराजांच्या पश्चात दत्तक आलेले शिवाजी महाराज गेले आणि १८८४ साली आमच्या कागलच्या घाटग्यांचा मुलगा दत्तक जाऊन शाहू महाराज झाला. १९०२ साली तेही सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेला जाऊन सुखरूप परतले.

एका राजाला परमुलखात आजारपण आले, तेव्हा सोबत लवाजमा असूनही घर फार दूर होते. आपल्याजवळ लवाजमा नाही, पण विमा आहे. म्हणून त्याचा अर्ज भरताना मधुमेह, रक्तदाब, अँजिओप्लास्टी यांतले काहीही लपवू नका. हप्ता कमी व्हावा म्हणून मुले "काही आजार नाही" या चौकटीत खूण करतात आणि नेमक्या त्याच आजारासाठी दावा फेटाळला जातो. आधीपासूनच्या आजाराला कितपत संरक्षण आहे, ते कागदावर वाचा. एजंटाच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नका.

प्रवासातला सर्वांत थकवणारा टप्पा बहुधा आपल्याच देशातला असतो. कागलहून मुंबई सुमारे चारशे किलोमीटर. रात्रभर गाडीत बसून पहाटेचे विमान गाठणे तरुणांना शोभते. वृद्धांनी आदल्या दिवशी मुंबईला मुक्काम करावा. चाकाची खुर्ची तिकीट काढतानाच मागावी आणि जिथे विमान बदलायचे तिथेही ती मिळेल याची खात्री करावी. त्यात कमीपणा नाही. मोठ्या विमानतळांवर दोन दरवाजांमधले अंतर कधी कधी आमच्या बाजारपेठेपेक्षा लांब असते. विमानात दर तासा-दीड तासाने उठून चार पावले चालावे, बसल्या जागी घोटे फिरवावेत, पाणी पीत राहावे. बराच वेळ पाय लोंबते राहिले की पोटरीच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका वाढतो. झोपेची गोळी घेऊन निपचित पडून राहणे हे त्या गुठळीला आमंत्रणच. घट्ट मोजे मात्र शेजाऱ्याने सांगितले म्हणून घालू नका. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद असतील तर ते अपाय करतात.

औषधे सर्व दिवसांची, वर आठवडाभराची जादा, आणि सारी हातातल्या पिशवीत. सामानाच्या कप्प्यात इन्सुलिन गोठून निकामी होऊ शकते, आणि बॅग हरवली तर पंचाईत. चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव इंग्रजीत लिहून घ्या, कारण आपली व्यापारी नावे तिथल्या दुकानदाराला कळत नाहीत. हिरव्या क्रॉसची पाटी दिसली की ते औषधांचे दुकान समजावे. इटलीतली वेळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते, हिवाळ्यात साडेचार. रक्तदाबाच्या दिवसातून एकदा घ्यायच्या गोळीला एवढ्या फरकाने सहसा बाधा येत नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र जाताना दिवस लांबतो आणि येताना आखडतो हे ध्यानात घेऊन प्रवासाच्या दोन्ही दिवसांचे वेळापत्रक आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.

रुखवताविषयी दोन शब्द सांगितलेच पाहिजेत. वाटेत दुबईला उतरायचे असेल, तर खसखस लावलेले अनारसे बरोबर घेऊ नका. संयुक्त अरब अमिरातीत खसखस निषिद्ध आहे आणि तो गुन्हा ठरतो. ट्रामाडॉल किंवा कोडीन असलेली वेदनाशामके, खोकल्याची औषधे यांवरही तिथे कडक निर्बंध आहेत. युरोपात प्रवाशांना बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे पेढे, बर्फी, तूप घरीच राहू द्या. ताजी पाने-फुले वनस्पती आरोग्याच्या दाखल्याशिवाय चालत नाहीत, नारळ मात्र चालतो. आमच्या आजींनी आंब्याच्या डहाळीसाठी बराच वाद घातला आणि शेवटी कापडी तोरण शिवून नेले.

मीही त्या लग्नाला गेलो होतो, म्हणून राहण्याच्या जागेविषयी पाहिलेले सांगतो. टस्कनीतली जुनी दगडी घरे चित्रात फार सुंदर दिसतात. प्रत्यक्षात अनेक घरांना उद्वाहक नसतो, जिने अरुंद आणि पायऱ्या गुळगुळीत झालेल्या, अंगणात सैल खडी. खडीवर काठी रुतते आणि चाकाची खुर्ची अडते. म्हणून खोली आरक्षित करण्यापूर्वी छायाचित्रे नव्हे, जिन्याच्या पायऱ्यांची संख्या मागवा. तळमजल्याची खोली, न्हाणीघरात उंच टबाऐवजी सपाट शॉवर, मांडवापासूनचे अंतर आणि रात्री रस्त्यावर दिवा, या गोष्टींसाठी आग्रह धरा. एक सुखद बाब अशी, की इटलीतल्या घरांत १९७५ पासून शौचकुंडाशेजारी बिदे नावाचे पाण्याचे पात्र बसवणे नियमानेच आवश्यक आहे. तेव्हा कागदाची धास्ती नको. तरी प्लास्टिकचा एक तांब्या नेला तर कोणी हसत नाही. नळाचे पाणी पिण्यायोग्य असते. फ्लॉरेन्स शहरात राहणार असाल, तर जुन्या भागात बाहेरच्या गाड्यांना प्रवेश मर्यादित असतो, त्यामुळे गाडी दारापर्यंत येईल की दगडी फरसबंदीवरून चालावे लागेल, हे आधी विचारावे.

खरा प्रसंग जेवणाच्या वेळेवरून उद्भवला. जून महिना. तिथे सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो आणि दुपारच्या जेवणानंतर भटारखाने बंद होतात, ते संध्याकाळी उशिराच उघडतात. संध्याकाळचा मुहूर्त छायाचित्रकारांनी लांबवला. आजींनी मात्र घरच्या शिस्तीने सहा वाजता साखरेची गोळी घेतली होती. अक्षता पडेपर्यंत काही खायचे नाही, हा त्यांचा नेम. सातच्या सुमारास त्या घामाघूम झाल्या, बोलणे तुटक झाले. लोक म्हणाले, ऊन लागले. बोटाला सुई टोचून पाहिली तर साखर ५८. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासली, मग बिस्किटे दिली. पाऊण तासात त्या पहिल्या रांगेत बसून होत्या.

त्या दिवशी ओळखणारा कोणी जवळ नसता, तर उन्हाच्या नावाखाली त्यांना सावलीत झोपवून ठेवले गेले असते. म्हणून काळजीवाहू मंडळींनो, ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारखी गोळी किंवा जेवणापूर्वीचे इन्सुलिन ताट समोर आल्यावरच द्या, घड्याळ पाहून नव्हे. ग्लुकोमीटर आणि साखरेची पुडी ज्याच्या खिशात आहे, अशा एका माणसाला लग्नात दुसरे कोणतेही काम देऊ नका. करवली, मामा, फोटो यांतले काहीही नाही. शालू आणि फेट्यात ऊन अधिक जाणवते. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी अशा दिवसांसाठी डॉक्टरांना विचारून ठेवावे. दमा असणाऱ्यांनी होमाच्या धुराच्या उलट बाजूला बसावे आणि पंप पर्समध्ये नव्हे, हातात ठेवावा.

अडचण आली तर संपूर्ण युरोपात ११२ हा क्रमांक फिरवावा. इस्पितळातल्या तातडीच्या विभागाला इटलीत 'प्रोंतो सोक्कोर्सो' म्हणतात. फ्लॉरेन्सच्या मध्यभागी १२८८ साली स्थापन झालेले सांता मारिया नुओवा इस्पितळ आजही चालू आहे. आजार, औषधे, ॲलर्जी आणि विम्याचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी इंग्रजीत करून गळ्यातल्या पाकिटात ठेवावी. मोबाइलची बॅटरी संपते.

परतल्यावर पहिले दोन दिवस पाहुण्यांना अल्बम दाखवू नका, झोपा. पुढच्या काही आठवड्यांत एका पायाची पोटरी सुजली, दुखू लागली किंवा अचानक धाप लागली, तर थकवा समजून अंगावर काढू नका. त्याच दिवशी दवाखान्यात या आणि विमानप्रवास झाल्याचे न विचारताही सांगा.