एक काळा ठिपका

"गाव कुठलं?" "गागोदे बुद्रुक." "म्हणजे विनोबांचं गागोदे?" हा संवाद मी आयुष्यात शंभरदा तरी केला असेल. हो, तेच. पेण तालुक्यातलं. विनोबा तिथे ११ सप्टेंबर १८९५ ला जन्मले. आमचं त्या गावाशी नातं मात्र अगदीच साधं. एक कौलारू घर, त्यात राहणारे थोरले काका, आणि ओटीच्या भिंतीवर माझ्या आजीचा एकुलता एक फोटो.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आलं आणि आमच्या ओटीवरची निम्मी कौलं उडाली. फोटो भिजला. लॉकडाऊनमुळे पुण्याहून आम्हाला कोणाला जाता येईना. काकांनी बिचाऱ्यांनी फ्रेम पुसून कपाटात ठेवली. कोकणातला पावसाळा आणि बंद कपाट! फोटो माझ्या हातात आला तेव्हा दिवाळी उलटून गेली होती. तो काचेला चिकटला होता, एक कोपरा कसरीने खाल्ला होता, आणि सगळीकडे बुरशीचे काळे ठिपके.

आजी १९४८ मध्ये गेली. तेव्हा काका आठ वर्षांचे आणि बाबा दोन. म्हणजे बाबांना आई आठवतच नाही. त्यांची आई म्हणजे हा फोटो. तेवढीच.

पहिला मोह होतो तो काच ओढून काढायचा. चुकूनही करू नका. जुन्या कृष्णधवल फोटोत चित्र असतं चांदीच्या बारीक कणांचं, आणि ते कण बसलेले असतात जिलेटिनच्या थरात. ओलं झालं की जिलेटिन फुगतं आणि डिंकासारखं काचेला धरतं. वाळल्यावर काच ओढली तर चेहराच काचेबरोबर निघून येतो. बुरशीला जिलेटिन म्हणजे तर आयतं जेवण, आणि ओल्या बोळ्याने पुसायला जावं तर बुरशीबरोबर चित्रही पुसलं जातं. म्हणून मी काचेसकटच फोटोचा फोटो काढला. कॅमेरा ट्रायपॉडवर, बरोबर वरून. दोन्ही बाजूंना ४५ अंशांत दिवे. खोलीत बाकी अंधार, आणि काचेत माझंच प्रतिबिंब पडू नये म्हणून अंगात काळा शर्ट. बायको म्हणाली, "घरात चोर शिरल्यासारखं वाटतंय."

मूळ फाइल बाजूला ठेवून कॉपीवर काम सुरू केलं. आधी एका ॲपमध्ये टाकून बघितली. एका क्लिकमध्ये समोर एक सुंदर बाई! गुळगुळीत कातडी, चमकदार डोळे, मालिकेतल्या नायिकेसारखी. फक्त ती आमची आजी नव्हती. ॲपला चेहऱ्याचा तेवढा भाग दिसत नव्हता, म्हणून त्याने हजारो परक्या चेहऱ्यांवरून अंदाज ठोकून दिला होता. ती फाइल उडवली आणि ठरवलं, आपण हाताने करायचं. एकेक ठिपका, प्रामाणिकपणे.

तीन वीकेंड गेले. ४०० टक्के झूम, शेजारचा चांगला तुकडा उचलायचा, ठिपक्यावर बसवायचा, पुढचा ठिपका. बग फिक्सिंगसारखीच नशा असते त्यात. शेवटी प्रिंट काढली आणि बाबांना घेऊन गागोद्याला गेलो.

काकांनी चष्मा लावला. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "छान झालाय रे. पण आईचं कुंकू पुसलंस."

मला काही सुचेचना. आजी सवाष्ण गेली होती, आणि तिच्या नातवाने बहात्तर वर्षांनी तिचं कपाळ साफ करून ठेवलं होतं. तेही मोठ्या अभिमानाने!

कारण नंतर कळलं. त्या काळच्या स्टुडिओंत ऑर्थोक्रोमॅटिक प्लेट आणि फिल्म बऱ्याच ठिकाणी वापरात होत्या. त्यांना लाल रंग दिसतच नाही. म्हणून तर त्या डार्करूममध्ये लाल दिव्याखाली हाताळता यायच्या. पण त्यामुळे फोटोत लाल गोष्ट काळी येते. कुंकू शाईच्या थेंबासारखं, थेट बुरशीच्या ठिपक्यासारखं. ४०० टक्के झूमवर मला कपाळ दिसलं नव्हतं, फक्त डाग दिसला होता. म्हणजे मी ॲपला हसलो आणि तेच काम हाताने करून बसलो.

लेअर वेगळे होते, त्यामुळे परत आणणं सोपं होतं. पण परत आणायचं कुठलं? मूळ फोटोत आजीच्या कपाळावर तसे सात ठिपके होते. माझ्याकडच्या कुठल्याच फाइलमध्ये त्याचं उत्तर नव्हतं. ते होतं ऐंशी वर्षांच्या एका माणसाकडे. लॅपटॉप काकांच्या मांडीवर ठेवला. ते स्क्रीनवर बोट टेकवून म्हणाले, "हे नव्हे. हेही नव्हे. आई जरा वर लावायची. आणि चांगलं मोठं. हे बघ, हे."

मग म्हणाले, "पेणला गणपतीच्या कारखान्यात बघ जाऊन. रंग बरेच जण देतात, पण डोळ्यांच्या आखणीला ठरलेलाच माणूस बसतो."

त्यानंतर मी नियम केला. ज्याची खात्री आहे तेवढंच दुरुस्त करायचं. कसरीने खाल्लेल्या कोपऱ्यात काय होतं हे काकांनाही आठवत नव्हतं, म्हणून तो रिकामाच ठेवला. नव्या फ्रेममध्ये प्रिंट आणि काच यांच्यामध्ये जाड पुठ्ठ्याची चौकट घातली, पुन्हा चिकटायला नको म्हणून. मूळ फोटो काचेसकट कोरड्या जागी जपून ठेवलाय.

सांगायचं एवढंच, की घरी असा जुना फोटो असेल तर चांगली कॉपी जरूर काढा, पण डाग पुसायला बसण्याआधी ज्याला तो चेहरा आठवतोय त्याला शेजारी बसवा. फोटोला घाई नसते. माणसांना असते.

आणि हो, त्या दिवशी ओटीवर बाबा एका बाजूला गप्प बसले होते. लॅपटॉप बंद करताना त्यांनी काकांना हळूच विचारलं, "मोठं लावायची?"

"हो. एवढं," काका म्हणाले, आणि त्यांनी अंगठा दाखवला.

पंचाहत्तरीला आलेल्या माझ्या बाबांना त्या दिवशी आईबद्दल एक नवीन गोष्ट कळली.