तुरळक ठिकाणी

पूर्वी हवामानाचा अंदाज दिवसातून एकदा येत असे आणि तो सगळ्यांना सारखाच असे. बातम्या संपत आल्या की दूरदर्शनवरच्या बाई कोकणात बहुतेक ठिकाणी, मध्य महाराष्ट्रात काही ठिकाणी आणि मराठवाड्यात तुरळक ठिकाणी असा पाऊस वाटून टाकत. 'म्हणजे पडला तर पडेल' असा त्याचा सोप्या मराठीत अनुवाद करून आमचे वडील टीव्ही बंद करत. त्या अंदाजाचा एक मोठा फायदा होता. तो चुकला तर सगळ्या गावाचा चुकत असे. भिजलेला माणूस एकटा पडत नसे.

आता प्रत्येकाच्या खिशात स्वतंत्र वेधशाळा आहे. आमच्या लोकलच्या ग्रुपात आम्ही अकरा जण, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत आमचे पाऊसही अकरा. एकाच्या फोनात ढगाला विजेची शेपटी असते, दुसऱ्याच्या फोनात सूर्य दात काढत असतो, आणि दोघेही एकाच बाकावर, चौथ्या सीटवरच्याचं निम्मं वजन अंगावर घेऊन बसलेले असतात.

मी बँकेत कारकून. हल्ली या पदाला एक भारदस्त इंग्रजी नाव मिळालंय, पण काउंटरपलीकडून येणारी हाक अजून 'ओ, जरा एंट्री मारून द्या' हीच आहे. शिक्षण बी.कॉम. त्यामुळे एकाच खात्याची दोन वह्यांत दोन शिलका दिसल्या की मला जेवण जात नाही. हवामानाच्या या भानगडीत मी पडलो तो केवळ या सवयीपायी. निसर्गप्रेम वगैरे काही नाही.

पहिलं अ‍ॅप फोनबरोबर फुकट आलेलं. त्याचं नाव घेत नाही. फुकट मिळालेल्या वस्तूला नावं ठेवू नयेत. ते रोज सकाळी विचारायचं, 'आपले ठिकाण निवडा.' हा काय डोंबिवलीकराला विचारायचा प्रश्न झाला? आमचं झोपायचं ठिकाण एक, पगाराचं दुसरं आणि आयुष्य घालवायचं तिसरं, ते रुळांवर. डोंबिवलीत लख्ख ऊन, सायन-कुर्ल्याच्या मध्ये रुळांवर पाणी आणि फोर्टात रिमझिम, हे सगळं एका सकाळी एकाच पासावर बघायला मिळतं. आणि गाडी कुर्ल्याला तासभर उभी, बाहेर काही दिसत नाही, अशा वेळी खिशातून ते अ‍ॅप सांगणार, 'डोंबिवली : निरभ्र.' असेल बाबा. तिथे आता आहे कोण?

त्याच अ‍ॅपात आणखी एक ओळ असायची. तापमान ३२ अंश, 'वाटते' ३९. दमटपणामुळे घाम वाळत नाही आणि अंगाला उष्मा जास्त जाणवतो, म्हणून हा वेगळा आकडा. पगारपत्रकातल्या दोन आकड्यांपेक्षा हे बरं. तिथे वाटतं ते नेहमी कमीच असतं.

पण घरात खरा तंटा लागला तो टक्क्यांवरून. आमच्या घरी हवामानशास्त्राची सुरुवात वाळत घातलेल्या कपड्यांपासून होते.

"चाळीस टक्के पाऊस म्हणजे किती हो?" बायकोने विचारलं.

मी म्हटलं, "म्हणजे हवा आजच्यासारखी असलेले शंभर दिवस घेतले, तर त्यातल्या चाळीस दिवशी पाऊस पडतो."

"बरं. मग आजचा दिवस त्या चाळिसातला की उरलेल्या साठातला?"

अवघ्या हवामानशास्त्राला अडवणारा हा प्रश्न तिने हातात ओली चादर घेऊन विचारला होता. मी उत्तर शोधत होतो तेवढ्यात तिने चादर घरात, पंख्याखाली टाकली.

मग हे आकडे येतात कुठून ते बघायला मी निघालो, आणि कॉमर्सच्या माणसाला बरं वाटावं असं काहीतरी सापडलं. बहुतेक अ‍ॅपांची स्वतःची वेधशाळा नसते. जगात हवेचं गणित मांडणारी काही मोजकी मोठी केंद्रं आहेत. एक युरोपातल्या देशांनी मिळून चालवलेलं, एक अमेरिकेचं. जहाजं, विमानं, उपग्रह, फुगे यांच्याकडून आलेली मापं महासंगणकात घालून ते पुढच्या दहा दिवसांची हवा काढतात, आणि बाकीचे तोच माल आपापल्या पिशवीत भरून विकतात. गणितासाठी पृथ्वीचे चौकोन पाडलेले असतात. अमेरिकन गणितातला चौकोन साधारण तेरा किलोमीटरचा. म्हणजे डोंबिवली आणि कल्याण एकाच चौकोनात बसू शकतात. ही गोष्ट दोन्ही गावांत कुणाला सांगू नये. २०२५च्या मे महिन्यात आपल्याकडे सहा किलोमीटर चौकोनाचं 'भारत फोरकास्ट सिस्टिम' सुरू झालं. ते पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेत तयार झालेलं आहे, त्यामुळे त्याला प्रश्न विचारायची वेळ दुपारी एक ते चार नसावी अशी आशा आहे.

'विंडी' नावाचं एक अ‍ॅप आहे. इव्हो लुकाचोविच नावाच्या एका झेक गृहस्थाने ते २०१४ साली काढलं. या गृहस्थांना पतंगाच्या दोरीला लटकून पाण्यावर घसरत जाण्याचा नाद, म्हणून वाऱ्याची चौकशी. त्यात नकाशावर वारा पिठाच्या चाळणीसारखा वाहताना दिसतो, आणि कोणाचं गणित बघायचं, युरोपचं की अमेरिकेचं, हे आपल्याला निवडता येतं. मला हे फार पटलं. आम्ही कर्जाला दोन जामीनदार मागतो ते उगीच नाही. दोघेही एकच तारीख सांगत असतील तर मंजूर. एक म्हणतो गुजरातेत जाईल आणि दुसरा म्हणतो ओमानला, तर कागद परत, परवा या.

तरीसुद्धा चौकोन तो चौकोनच. आमच्या मुंबईने याचा पुरावा २००५ साली देऊन ठेवलाय. २६ जुलैच्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला आणि त्याच चोवीस तासांत कुलाब्याला फक्त ७३. मधलं अंतर बसच्या एका तिकिटाचं. मी तेव्हा नोकरीला नवा होतो. आमच्या शाखेतून बाहेर बघितलं तर पावसाळ्यातला चारचौघांसारखा दिवस होता, आणि उपनगरात माणसं गळ्याएवढ्या पाण्यातून चालत होती. मिलिमीटर म्हटलं की पट्टीवरची रेघ डोळ्यांसमोर येते म्हणून हिशेब सांगतो : एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर पाणी. आमच्या सोसायटीची गच्ची तीनशे चौरस मीटर. तिच्यावर ९४४ मिलिमीटर पडला तर २ लाख ८३ हजार २०० लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे अठ्ठावीस टँकर आणि वर थोडं. हा हिशेब मी सोसायटीच्या सभेत मांडला. खजिनदारांनी टँकरचा मे महिन्यातला दर आठवून मोठा सुस्कारा सोडला.

आणखी एक शोध मला आवडला. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. साडेआठला मोजपात्र बघायचं, आकडा वहीत चढवायचा, खातं बंद. काल रात्री नऊला पडलेला पाऊस आजच्या तारखेला जमा होतो तो यामुळे. आपल्या शाखेत डे-एंड रात्री आठपर्यंत रखडतो हे ज्याला माहीत आहे, त्याला या खात्याबद्दल आदर वाटल्याशिवाय राहणार नाही. हे खातं १८७५ सालचं आहे. आणि वडील ज्याची टिंगल करत ते 'तुरळक ठिकाणी'सुद्धा मोघम नाही. तुरळक म्हणजे त्या भागातल्या पंचवीस टक्क्यांपर्यंत केंद्रांवर, काही ठिकाणी म्हणजे पन्नासपर्यंत, बऱ्याच ठिकाणी म्हणजे पंचाहत्तरपर्यंत, बहुतेक ठिकाणी म्हणजे त्याहून वर. चक्क व्याजाचे स्लॅब. वडील असते तर त्यांना सांगितलं असतं. त्यांनी टीव्ही बंदच केला असता, ते सोडा.

हे सगळं छत्री आणि चादरी यांच्यापुरतं होतं तोवर गंमत होती. २०२०च्या जूनमध्ये ते आईपर्यंत गेलं.

आई श्रीवर्धन तालुक्यात, समुद्राला लागून असलेल्या आमच्या घरी होती. सोबतीला थोरली काकू. दोघींच्या वयांची बेरीज दीडशेच्या पुढे. टाळेबंदी चालू, मी डोंबिवलीत. २ जूनला अरबी समुद्रात चक्रीवादळ झालं. नाव 'निसर्ग'. तेरा देशांनी तेरा-तेरा नावं देऊन १६९ नावांची नवी यादी त्याच वर्षी केली होती, त्यातलं हे पहिलंच नाव, बांगलादेशाने दिलेलं. हवामान खात्याने सांगितलं की ३ तारखेला दुपारी ते अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर येईल, वारे ताशी शंभर ते एकशेदहा किलोमीटर, झोत एकशेवीसचे.

मी फोन केला. पक्क्या शाळेत जायला सांगितलं. आई म्हणाली, "काकूला दोन पावलं टाकवत नाहीत, ती शाळेत कशी येईल? आम्ही इथेच. तू एक कर. तुझ्या त्या फोनला विचार, वारा कुठून सुटेल?"

"ताशी शंभरच्या वर आहे, आई."

"शंभर का दोनशे ते नको मला. कुठून, ते सांग."

घराच्या पूर्वेला, परसात तीन जुने माड. पश्चिमेला, पुढच्या अंगणात आंबा. कोणतं झाड कधी घरावर येणार एवढाच तिचा प्रश्न होता. मी नकाशावर आमच्या गावावर बोट ठेवलं आणि तासातासाचा वारा पुढे सरकवत गेलो. युरोप लावला, मग अमेरिका लावली. बाण आधी डोंगराकडून येत होते. वादळाचं चक्र किनारा ओलांडून गेलं की उलटे फिरून समुद्राकडून. तसं सांगितलं.

"म्हणजे आधी माड, मग आंबा," आई म्हणाली. "बरं झालं विचारलंस. आधी आम्ही पुढच्या खोलीत बसतो. वारा फिरला की काकूला घेऊन मागे जाते."

३ तारखेला अकराच्या सुमारास फोन लागेनासा झाला. माझ्यापुढे तीन पडदे होते : हवामान खात्याचं पत्रक, उपग्रहाचं चित्र आणि विंडीचा नकाशा. वादळ किनाऱ्यावर आलेलं दिसलं. आमच्या तालुक्यावरून गेलेलं दिसलं. संध्याकाळी ते घाट चढून वर गेलेलं दिसलं. ढगाचा प्रत्येक तुकडा कुठे आहे ते मला माहीत होतं. रायगडात विजेचे खांब झोपले होते, टॉवर बंद होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या फुकट अ‍ॅपात मी श्रीवर्धन घातलं. त्याने एक सूर्य, एक छोटा ढग दाखवला आणि खाली लिहिलं, 'बाहेर पडण्यास उत्तम दिवस.' बायकोने फोन माझ्या हातातून काढून घेतला आणि समोर चहा ठेवला.

तिसऱ्या दिवशी शेजारचा मुलगा मोटारसायकलवरून, पडलेली झाडं चुकवत, रेंज मिळेपर्यंत गेला आणि तिथून त्याने फोन केला. "दोघी बऱ्या आहेत. कौलं गेली. एक माड मागच्या खोलीवर पडला, तेव्हा त्या पुढे होत्या. आंबा शाबूत आहे. बाग मात्र..." सुपारीची बाग आडवी झाली होती. आजोबांनी लावलेली. त्याने झाडांचा आकडा सांगितला, तो मी कुठेही लिहून ठेवला नाही.

त्यानंतर अ‍ॅपं निवडायला मला वेळ लागला नाही. उरली ती थोडीच. इशाऱ्यासाठी हवामान खात्याचंच, 'मौसम' : पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे जागचे हला. 'दामिनी' गावासाठी, वीज चाळीस किलोमीटरच्या आत आली की ते सांगतं, आणि आईला परसात जायची फार सवय. वादळ असलं तर दोन जामीनदार. आणि संध्याकाळी शाखेतून निघताना रडारचं चित्र. मुंबईला एक रडार कुलाब्याला आहे, आणि २०२२पासून दुसरं अंधेरीला वेरावलीत. रडार भविष्य सांगत नाही. ते लाटा सोडतं, त्या पावसाच्या थेंबांवर आपटून परत येतात, आणि या घटकेला पाऊस कुठे आहे तेवढं कळतं. अंदाजपत्रक वेगळं आणि पासबुक वेगळं. ओळीने तीन-चार चित्रं बघितली की ढगाचा लाल डाग ठाण्याकडे सरकतोय की परत समुद्रात जातोय ते माझ्यासारख्यालाही समजतं. आमचे मॅनेजरसाहेब आता पाच वाजता केबिनमधून विचारतात, "काय, निघायचं का?" गेल्या वीस वर्षांत बँकेने मला दिलेला हा पहिला अधिकार.

टक्के मी बघत नाही. ते खातं बायकोकडे आहे, आणि ती आकाशाकडे बघते.

गेल्या दिवाळीत भाच्याने आईला टचचा फोन दिला आणि त्यात सगळं घालून दिलं. आता पावसाळ्यात सकाळी साडेसातला मी दाढी करत असताना फोन वाजतो.

"छत्री घेऊन जा रे. ठाणे जिल्ह्याला नारिंगी दाखवतंय."

"घेतो. आणि तुझ्याकडे काय दाखवतंय?"

"माझ्याकडचं कशाला बघू त्यात? पहाटेपासून गाज बदललीये. सरपण आत घेतलं मी."