शेंडा आणि बुडखा

'मानव हा समाजशील प्राणी आहे.' दहावीच्या निबंधांत हे पहिलं वाक्य मी इतक्या वेळा वाचलंय, की आता डोळे त्यावर थांबतच नाहीत. विषय मोबाइलचा असो, झाडांचा, सणांचा किंवा वाढत्या महागाईचा. मानव आपला समाजशील. वाक्य खोटं नाही, व्याकरणही ठीक. पण ती कोणत्याही डोक्याला बसणारी टोपी आहे आणि मुलांना ती नेमकी त्यासाठीच आवडते.

शेवटाचीही तीच गत. 'अशा प्रकारे', 'थोडक्यात सांगायचे तर', 'म्हणूनच म्हटले आहे की' यांपैकी एक काहीतरी आलं, की समजायचं, निबंध संपला. आत्मकथन असेल तर आईची हाक येते, लिहिणाऱ्याला जाग येते आणि इतका वेळ बोलत असलेलं वडाचं झाड किंवा म्हातारा बैल एका ओळीत नाहीसा होतो. एका वर्गातली निम्मी मुलं एकाच पेपरात एकदम झोपेतून उठतात, हे गठ्ठा तपासताना वाचलं की आधी हसू येतं, मग वाईट वाटतं. कारण त्या बैलानं मधल्या दोन परिच्छेदांत कधीकधी फार चांगलं काही सांगितलेलं असतं.

मी मराठीचा मास्तर. आधी अकोट तालुक्यातल्या एका खेड्यात शिकवलं, पुढे अमरावतीत. बोर्डाच्या अमरावती विभागात अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम हे पाच जिल्हे येतात, आणि पाचही जिल्ह्यांतल्या मुलांपुढे हिशेब एकच असतो. ८० गुणांची कृतिपत्रिका, त्यात प्रसंगलेखन, आत्मकथन आणि वैचारिक लेखन यांतलं एक निवडून लिहायचं, त्याला ८ गुण. एवढ्यासाठी डोकं कोण चालवणार? गाइडमध्ये सुरुवात तयार, शेवट तयार, मधे चार मुद्दे. पाठ करायचं आणि उतरवून काढायचं. दोन-चार उत्तरपत्रिका पाहिल्या की कोणत्या वर्गानं कोणती गाइड घेतली होती, तेही कळतं.

'सुरुवात आकर्षक हवी आणि शेवट परिणामकारक' हे वाक्य आम्ही मास्तर मंडळी फळ्यावर लिहितो. आकर्षक म्हणजे काय, हे मुलाला कोणी सांगत नाही. मग ते सुविचार शोधतं, ओळी शोधतं, कुठल्या तरी थोर माणसाच्या नावावर खपवलेलं वचन शोधतं. माझ्या मते सुरुवातीचं काम आकर्षक दिसण्याचं नाहीच. वाचणाऱ्याला कामाला लावायचं, त्याच्या मनात एखादा प्रश्न, एखादी शंका, निदान 'असं कसं?' एवढं उभं करायचं. आणि शेवटाचं काम त्याला मोकळं करण्याचं. या दोन्ही गोष्टी वऱ्हाडातल्या पोरांना तोंडी येतात. वहीत येत नाहीत, कारण वही उघडली की ती आपण सोडून दुसरंच कोणी होतात.

खेड्यातल्या शाळेतला एक मुलगा 'पाणी हेच जीवन' लिहीत होता. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यातलं त्याचं गाव. पृथ्वीवर ७१ टक्के पाणी आहे, अशी त्यानं सुरुवात केली होती. मी वही बाजूला ठेवली आणि विचारलं, "तुमच्या विहिरीचं पाणी कसं आहे?" तो म्हणाला, "सर, त्या पान्यात डाय शिजत नाई."

मागच्या बाकावरून आवाज आला, "आमच्याही घरी नाई शिजत."

"काहून?" मी विचारलं.

"खारं हाय ना पानी. डायीसाठी टँकरचं येगळं ठेवते माय."

७१ टक्के खोडून त्यानं लिहिलं : 'आमच्या विहिरीला भरपूर पाणी आहे, पण त्यात डाळ शिजत नाही.' गावात विहीर आहे, पाणी आहे, तरी माणसं टँकरची वाट पाहतात, हे त्या ओळीत आलं. वाचणाऱ्याला आता पुढं जावंच लागतं. त्या मुलानं पुढं गाळाच्या जमिनीतल्या खारटपणाबद्दल लिहिलं, उन्हाळ्यातल्या टँकरबद्दल लिहिलं, वान धरणावरच्या ८४ खेड्यांच्या नळयोजनेचं पाणी मामाच्या गावी येतं, हेही लिहिलं. त्याला माहिती कमी नव्हती. शाळेच्या निबंधात आपल्या घरची डाळ चालते, एवढंच ठाऊक नव्हतं.

वर्गात मी एक खेळ घेतो. एकाचा पहिला परिच्छेद मोठ्यानं वाचायचा, शीर्षक सांगायचं नाही. बाकीच्यांनी विषय ओळखायचा. चार जणांनी चार वेगळे विषय सांगितले, तर परिच्छेदावर काट. पोरं या खेळात निर्दय होतात. मला फारसं काही करावं लागत नाही. 'आजचे युग हे विज्ञानाचे युग आहे' या ओळीवर तर आता वर्ग एका सुरात ओरडतो. दुसरं एक करतो ते असं : लिहिण्याआधी शेजारच्याला सांगायचं. सांगताना ज्या वाक्याला शेजारचा मान वर करून पाहील, ते वाक्य पहिलं.

यात माझं स्वतःचं काही नाही. ही पद्धत आमच्याच भागातल्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या एका माणसाची. गाडगेबाबा अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे, जन्म १८७६ चा. अमरावतीच्या विद्यापीठाला आज त्यांचंच नाव आहे. मुंबईत वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात नोव्हेंबर १९५६ मध्ये, म्हणजे मृत्यूच्या काही आठवडे आधी, त्यांनी केलेल्या कीर्तनाचं ध्वनिमुद्रण आहे. ज्यांनी ऐकलं नसेल त्यांनी ऐकावं, आणि मराठीच्या शिक्षकांनी तर दोनदा. बाबा समोरच्याला विचारतात, लोक उत्तर देतात, त्या उत्तरातून पुढचा प्रश्न निघतो. कर्ज, दारू, सणाचा खर्च, पोरांची शाळा, सगळं असंच येतं. ऐकणाऱ्याला नुसतं बसून राहता येत नाही. बोली वऱ्हाडी, शब्द घरातले. समोर कोण बसलंय हे ओळखल्याशिवाय असं बोलता येत नाही. 'मानव हा समाजशील प्राणी आहे' हे वाक्य कोणाशीच बोललेलं नसतं, तो त्याचा खरा दोष.

शेवट शिकवणं मात्र फार अवघड, आणि मला ते इथल्याच एका जुन्या ग्रंथानं सोपं करून दिलं. मोर्शी तालुक्यातलं रिद्धपूर हे महानुभावांचं मोठं ठिकाण. २०२४ साली मराठी भाषा विद्यापीठ तिथं सुरू झालं, ते या जुन्या पुण्याईवरच. याच पंथातल्या, तेराव्या शतकातल्या केशिराजबासांनी चक्रधरस्वामींनी सांगितलेल्या दृष्टांतांचा 'दृष्टांतपाठ' रचला. त्यात ११४ दृष्टांत आहेत आणि प्रत्येकाची घडण तिहेरी. आधी सूत्र, म्हणजे स्वामींचं वचन. मग दृष्टांत, म्हणजे गोष्ट. शेवटी दार्ष्टांतिक, म्हणजे ती गोष्ट त्या वचनाला कशी लागू पडते ते. आंधळे हत्ती चाचपतात, कोणाच्या हाती सोंड येते, कोणाच्या कान, कोणाच्या पाय, ही गोष्ट मुलांना माहीत असते. ती या ग्रंथात आहे, हे सांगितलं की वर्ग जरा सावरून बसतो. आपल्या जिल्ह्यातलं काहीतरी सातशे वर्षांपूर्वीचं आहे, याचा त्यांना अभिमान वाटतो आणि मला तो वाटू द्यायचा असतो.

या घडणीत मला महत्त्वाचा वाटतो तो तिसरा भाग. दार्ष्टांतिक सूत्राची नक्कल करत नाही. गोष्ट ऐकण्याआधी जे वचन कोरडं होतं, ते गोष्टीनंतर कुठं लावायचं हे कळतं. आमच्या मुलांचा शेवट म्हणजे पहिल्याच परिच्छेदाला 'अशा प्रकारे' जोडून केलेली नक्कल असते. मी त्यांना विचारतो, मधल्या दोन परिच्छेदांमुळे तुला शेवटी असं काय म्हणता येतं, जे सुरुवातीला म्हणता आलं नसतं? काही सापडत नसेल तर मधे काही घडलंच नाही. मग शेवट दुरुस्त करून उपयोग नाही, मधलंच पुन्हा लिहावं लागतं. हे मुलांना आवडत नाही. मोठ्या लेखकांनाही आवडत नसावं.

अमरावतीला एका मुलीनं दिवाळीच्या सुट्टीवर लिहिलं. खेड्यातून शिकायला आलेली, मामाकडं राहणारी. आधी फटाके, फराळ, रांगोळी असं गुळगुळीत लिहिलं होतं. शेजारणीला मात्र सांगत होती, की सुट्टीत आईबरोबर कापूस वेचायला जावं लागतं आणि वाळलेल्या बोंडांची टोकं बोटांत घुसतात. तेच पहिलं वाक्य झालं. शेवटाला तिनं 'कष्टाचे फळ गोड असते' लिहिलं. मी त्या ओळीवर बोट ठेवून नुसतं तिच्याकडं पाहिलं. थोडा वेळ पेन चावून तिनं ती खोडली आणि लिहिलं : 'संध्याकाळी काट्यावर माझा कापूस आईपेक्षा खूप कमी भरला.' मी तिथं पूर्णविराम तेवढा ठळक केला. आईचे कष्ट, मुलीचा नवखेपणा, दिवसभराचं ऊन, सगळं त्या काट्यावर येतं. वर आणखी काही सांगितलं असतं तर ओझंच झालं असतं.

एक प्रश्न हमखास येतो : वऱ्हाडीत लिहायचं का? माझं उत्तर ठरलेलं आहे. निवेदन प्रमाण मराठीत, आणि माणूस बोलतो तिथं त्याच्या तोंडची भाषा, अवतरणचिन्हात. उद्धव शेळक्यांची 'धग' १९६० ची. तिच्यातली माणसं वऱ्हाडीतच बोलतात आणि मराठी कादंबरीचं त्यात काही बिघडलं नाही. दहावीच्या निबंधात 'डाय शिजत नाई' हे आईच्या तोंडी आलं, तर तपासणाऱ्यानं त्याखाली लाल रेघ ओढू नये, एवढी माझी अपेक्षा. काही ओढतात. त्यांच्याशी मी वाद घालून पाहिला आहे, निकाल दोन्ही बाजूंनी लागतो.

आणखी एक नाव मी वर्गात घेतो. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर, मराठी विनोदी लेखनाचे आद्य मानकरी, यांनी वऱ्हाडात वकिली केली. त्यांचा पहिला विनोदी लेख १९०२ चा, आणि त्याचा विषय 'साक्षीदार'. वकिलाला रोज समोर दिसणारा माणूस! विषय शोधायला त्यांना कचेरीच्या बाहेर जावं लागलं नाही. यापेक्षा जास्त मी सांगत नाही. मुलांना इशारा कळतो.

आता परीक्षेचं. पालक येतात आणि सरळ विचारतात, "सर, गाइडचं नाही लिहिलं तर मार्क कटतील का?" प्रश्न रास्त आहे, मी त्याला हसत नाही. ज्याला एक परिच्छेद धड जुळवता येत नाही, वीस मिनिटं कोऱ्या पानाकडं बघत बसण्याची ज्याला भीती वाटते, त्याला मी पाठ केलेली सुरुवात लिहू देतो. त्याच्यासाठी ती काठी आहे, आणि लंगडणाऱ्याची काठी काढून घेण्यात कसलं अध्यापन? फक्त शेवटची ओळ स्वतःची लिही, एवढंच त्याला सांगतो. ज्याला लिहिता येतं त्याला मात्र सूट नाही. त्यानं विषय निवडल्यावर आधी शेवटचं वाक्य मनात ठरवायचं आणि कच्च्या कामाच्या जागी पेन्सिलीनं चार शब्दांत टिपायचं. कुठं जायचं हे ठाऊक असलं की कुठून निघायचं ते लवकर सुचतं, आणि घंटा झाली म्हणून निबंध अर्ध्यात लटकत नाही. वेळ उरला नाही तर मधला एक मुद्दा सोडायचा, शेवट सोडायचा नाही.

काही मुलं हे शिकून उलटा अतिरेक करतात. प्रत्येक निबंध धक्क्यानं सुरू करायचा, पहिल्याच ओळीत कोणीतरी मरायला हवं, नाहीतर निदान विहिरीत तरी पडायला हवं. एका वर्षी माझ्या वर्गात आजोबांची अशी काही पडझड झाली, की मला दटावून थांबवावी लागली. वैचारिक लेखनात साधं, सरळ, नेमकं विधानही चांगली सुरुवात असते. 'आमच्या गावातली एसटी दुपारनंतर येत नाही, म्हणून अकरावीला मुलींची संख्या कमी होते' यात ना धक्का आहे ना अलंकार, तरी मी ती ओळ लिहिणाऱ्या मुलीला वर्गात उभं करून दाद दिली होती.

शिक्षक बंधू-भगिनींना एकच विनंती. यंदाच्या सहामाहीचा गठ्ठा हाती येईल, तेव्हा प्रत्येक निबंधाचा पहिला आणि शेवटचा परिच्छेद हातानं झाकून मधलं वाचा. निबंधाचं काहीच अडलं नाही, तर त्या दोन परिच्छेदांना गुण देऊ नका, आणि का दिले नाहीत ते समासात दोन शब्दांत लिहा.