गहाळ

16 जून 2025, सोमवार
अरण्येश्वरचा फ्लॅट घेणाऱ्या बाईंच्या बँकेच्या वकिलांचा फोन आला. 1994 चा मूळ करारनामा हवा. आमच्याकडे झेरॉक्स आहे म्हटल्यावर पलीकडे थोडी शांतता झाली. फ्लॅट पहिल्यापासून आईच्या नावावर, म्हणून वारसांची भानगड नाही. तरीही व्यवहार अडला.

आईने लगेच कबुली दिल्यासारखं सांगितलं, "ट्रंकेत होता. पुरात गेला." 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढा आमच्या तळमजल्यात शिरला. तिने देव उचलले, औषधांचा डबा उचलला, ट्रंक राहिली. दुसऱ्या दिवशी कागदांचा नुसता लगदा फावड्याने बाहेर काढला. सहा वर्षं ती हे स्वतःच्या अंगाला लावून बसली आहे.

18 जून
आमचे वकील म्हणाले, "अर्जात 'पुरात गेला' लिहू नका. पाहिलं का कोणी? 'गहाळ' लिहा." चौकीत परवा येणाऱ्या पालख्यांच्या बंदोबस्ताची गडबड. दोन तास बाकावर. शेवटी शिक्का मिळाला.

एक गोष्ट आज नीट समजली. मी समजत होतो की मूळ दस्त नसेल तर दुय्यम निबंधक नोंदणीच करणार नाहीत. तसं नाही. ते मालकी तपासत नाहीत, समोर आलेला दस्त नोंदवतात. तमिळनाडूत मात्र आधीचा मूळ दस्त दाखवल्याशिवाय नोंदणी नाकारणारा नियम होता, 55-अ. तो सर्वोच्च न्यायालयाने याच एप्रिलमध्ये रद्द केला. मग अडवतं कोण? बँक. आणि तिची भीती खोटी नाही. मूळ दस्त नुसता सावकाराच्या हाती ठेवला की गहाण होतं, गहाणखत लागत नाही. महाराष्ट्रात अशा गहाणाची सूचना तीस दिवसांत नोंदवायची सक्ती झाली 2013 पासून. त्याआधी कोणी दस्त ठेवून पैसे उचलले असतील तर सरकारी शोधात त्याचा मागमूस दिसेलच असं नाही. आमचा दस्त 1994 चा.

21 जून
दोन वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस: कोणाचा हक्क, बोजा, गहाण असल्यास पंधरा दिवसांत कळवावे. आईचं नाव छापून आलं ते तिला मुळीच आवडलं नाही. "लोकांना वाटेल मी कर्ज काढून बुडवलं."

24 जून
नोटिशीला दोन फोन. दोन्ही एजंटांचे. फ्लॅट विकायचाय का, म्हणून.

27 जून
दुय्यम निबंधक कार्यालयात प्रमाणित नकलेसाठी अर्ज. दस्त क्रमांक आणि वर्ष झेरॉक्सवर होतं म्हणून निभावलं. ज्यांच्याकडे झेरॉक्सही नाही ते लोक जुन्या सूच्यांत नाव शोधत बसलेले दिसले.

2 जुलै
नकलेसाठी आईचं जुनं ओळखपत्र शोधताना बाबांच्या एलआयसीच्या पाकिटात एक पिवळी पावती सापडली. हे पाकीट माळ्यावर होतं, पाण्याला लागलं नाही. नोंदणी कार्यालयाची पावती, 1994 ची, आमचाच दस्त क्रमांक.

वकिलांना फोटो पाठवला. त्यांचा फोन दोन मिनिटांत आला. तेव्हा संगणक नव्हते, दस्त त्याच दिवशी परत मिळत नसे. पावती द्यायचे, नंतर ती दाखवून, परत करून दस्त घ्यायचा. "पावती तुमच्याकडे आहे म्हणजे बहुधा कोणी गेलंच नाही." नोंदणी कायद्याच्या कलम 85 प्रमाणे मृत्युपत्र सोडून बाकीचे दस्त दोन वर्षं कोणी नेले नाहीत तर ते नष्ट करता येतात.

आईला सांगितलं. ती पावती चष्मा लावून, मग चष्मा काढून बघत राहिली. मग म्हणाली, "ह्यांचं असंच. रेशनकार्डही तीनदा सांगितल्यावर आणलं होतं." आणि चहा टाकायला उठली.

7 जुलै
मुदत संपली, हरकत नाही. वकिलांनी प्रतिज्ञापत्र बदललं: मूळ दस्त कार्यालयातून परत घेतल्याचं आठवत नाही, कोठेही गहाण ठेवलेला नाही. सोबत हमीपत्र: पुढे काही निघालं तर नुकसान आईने भरायचं. 78 वर्षांच्या बाईकडून बँक असं लिहून घेते, हे मला अजून पटलेलं नाही. पण सही केली तिने, दोन्ही कागदांवर, घाई न करता.

18 जुलै, शुक्रवार
नोंदणी. टोकन, फोटो, अंगठे, दोन ओळखदार. खरेदीदार बाई असल्याने मुद्रांक सातऐवजी सहा टक्के. नोंदणी फी 30,000. मूळ करारनामा कुठाय, असं खिडकीवर कोणीही विचारलं नाही.

स्कॅनिंग झाल्यावर शिपाई दस्त घेऊन आला. आईने खरेदीदार बाईंचा हात धरला. "मूळ आत्ताच घेऊन जा हो. उद्या येते म्हणू नका."

त्यांनी तो तिच्यादेखत पिशवीत घातला. चार वाजून वीस मिनिटं झाली होती.