अम्मीचे डबे

ईदीचे शंभर रुपये आम्ही भावंडे एका संध्याकाळी खर्चून टाकत असू. अब्बांच्या मजुरीतले दहा रुपये मात्र हातात आले, की पैपैचा हिशेब चाले! पैसा तर सारखाच. मग असे का? अमेरिकेतील अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर सांगतात, की माणूस मनातच पैशांची निरनिराळी खाती उघडतो. अशा सवयींच्या अभ्यासाबद्दल त्यांना २०१७ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

अम्मीची खाती फळीवर होती. भाड्याचा डबा, किराण्याचा डबा, फीचा डबा. एकदा साखर संपली. अम्मीने शेजारच्या खालाकडून वाटीभर उसनी आणली, पण फीच्या डब्याला हात लावला नाही. पैशाला डबा कुठे ठाऊक असतो? तरी त्याच डब्यातून आपाच्या दहावीच्या परीक्षेची फी वेळेवर भरली गेली.