उंबऱ्यावरची खुर्ची

बाबांची स्टील गिटार विकायची ठरली. गिऱ्हाईक संध्याकाळी सातला येणार आणि ॲम्प्लिफायरमधून सारखी घूंघूं. (इंग्रजीत ‘हम’, आईच्या ‘घूंघूं’हून चांगला शब्द मला सापडलेला नाही.) गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर आणला, ती थांबली. म्हणजे दोष ॲम्प्लिफायरचा नव्हे. पिकअप जुना, एका कॉइलचा. तारांच्या कंपनांबरोबर घरातल्या 50 हर्ट्झ विजेचं चुंबकीय क्षेत्रही टिपणारा. ट्यूबलाइट बंद केली, घूंघूं उतरली. ॲम्प्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरपासून खुर्ची लांब नेत गॅलरीच्या उंबऱ्यापर्यंत गेले, तिथे जवळजवळ विरलीच.

बाबा इथेच बसायचे. अंधार करून, आमच्यापासून लांब. आम्ही त्यांना नकोसे वाटतो, असं मी लहानपणापासून धरून चालले होते.

गिऱ्हाईक आलं तेव्हा ट्यूब लावलेली नव्हती.